पांडू तांडेलाची सुटका

शोधक सरंजाम्यांच्या जिन्याला पायऱ्या किती, हे खुद्द सरंजाम्यांनी कधी मोजलं नसेल. पण किहीमच्या नीराबाईनं मोजलं होतं. चढताना सतरा आणि उतरताना सोळा, कारण शेवटची पायरी सरंजामे उडी मारून गाळत. बाविसाव्या भागात मात्र उतरताना सतरा पावलं वाजली. तेव्हा नीराबाईनं शेजारी बसलेल्या ठमीच्या मांडीवर फाडकन चापट मारली आणि ओरडली, "गो ठमे, ह्यो सरंजामे न्हाय! कोनीतरी सोंग घेऊन आलाय!" पुढच्या दहा मिनिटांत तेच निघालं. जमलेल्या मंडळींनी तोंडात बोटं घातली, आणि ठमी दोन दिवस मांडी चोळत होती.

हे सरंजामे म्हणजे कुणी हाडामांसाचा माणूस नव्हे. साठ सालानंतरची गोष्ट आहे. जिल्ह्याला तेव्हा कुलाबा म्हणत. कुठल्याशा दूरच्या स्टेशनवरून दर गुरुवारी संध्याकाळी साडेसातला 'शोधक सरंजामे' नावाची मालिका रेडिओवर लागायची. चंद्रकोर दंतमंजनवाले ती ऐकवायचे. आधी दात घासायचं गाणं, मग दाराची करकर, मग सरंजाम्यांचा तो घोगरा आवाज: "गंगाराम, चहा टाक. गूळ घालून." गंगाराम हा त्यांचा मदतनीस. तो शिंकला की समजायचं, आता प्रेत सापडणार. अर्ध्या तासात खून, पळापळ, उलटतपासणी सगळं उरकायचं आणि शेवटी सरंजामे गुन्हेगाराच्या खांद्यावर हात ठेवून म्हणायचे, "चला, गाडी खाली उभी आहे." एवढं कानावर पडलं की गाव सुखानं जेवायला मोकळं.

रेडिओ होता समुद्रकाठच्या पारशीणबाईंच्या बंगल्यात. बाई मुंबईला राहायच्या, वर्षातून दोनदा यायच्या; एरवी बंगला सदा माळ्याच्या हवाली. बाईंनी सदाला बजावून ठेवलं होतं की खाऱ्या हवेनं रेडिओ बिघडतो, तेव्हा आठवड्यातून एकदा अर्धा तास लावून तापवत जा. सदानं हुकूम अक्षरशः पाळला. तो अर्धा तास नेमका कुठला, हे सांगायला बाई विसरल्या होत्या, ते नीराबाईनं ठरवलं. दर गुरुवारी व्हरांड्यात तीस-चाळीस माणसं जमायची आणि मालकिणीची आज्ञा पाळली जायची.

नीराबाई कालवं काढायची. ओहोटीला समुद्र मागं सरकला की खडक उघडे पडतात. त्या खडकांना चिकटलेली कालवं छोट्या कोयतीनं फोडायची, आतला गर गाडग्यात टाकायचा आणि पाणी पायाला लागायच्या आत माघारी फिरायचं. अशा बाईला भिंतीवरचं घड्याळ काय करायचंय? तिचं घड्याळ तिथीवर चालायचं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. भरतीनंतर सहा तासांनी ओहोटी तळाला. किनाऱ्यावरच्या कुठल्याही कालवंवालीला झोपेतून उठवून विचारा, ती आधी वेळ सांगेल आणि मग डोळे उघडेल. नीराबाईला अक्षर येत नव्हतं, पण पाऊणकीत ती शाळेतल्या दत्तात्रेय मास्तरांना हरवायची. मास्तर बोटं मोडत बसले असताना हिचं उत्तर तयार असायचं.

आणि कान तर काय विचारता! खडकावर पाठ समुद्राकडे, नजर कोयतीवर. पाणी कधी फिरलं ते कानानंच ओळखायचं. चुकलं तर चारी बाजूंनी वेढा. तीस वर्षं असे कान वापरले, मग रेडिओतला खट्ट आवाजसुद्धा सुटेल कसा? एकदा ऐकलं ते तिच्या डोक्यात जाऊन बसायचं ते कायमचं. बंगल्याकडे जाताना वाटेतच तिची परीक्षा सुरू व्हायची.

"नीराबाय, सरंजाम्यांना घड्याळ कोनी दिलं?" सदा विचारी.

"आजोबानं. पाच मिन्टं पुढं चालतंय. अकराव्या भागात बंद पडलं, तं गंगारामानं तपकिरीच्या डबीवर आपटून चालू केलं."

"आनि भ्या कशाचं त्यांना?"

"मांजराचं! मांजर आलं का बोलताना अडखळत्यात. पन कबूल करतील तं शपथ."

"बरं, त्यांच्या घरमालकिनीचं नाव काय?"

"तिला नावच न्हाय दिलेलं, सदाभाऊ! इतके भाग झाले, बिचारीला समदे 'अहो बाई, अहो बाई' म्हनत्यात. लिवनाऱ्याला कोनीतरी सांगा रे." हे सांगताना ती खरोखरच कळवळायची. रेडिओतली माणसं खोटी असतात हे तिला ठाऊक नव्हतं अशातला भाग नाही. चांगलं ठाऊक होतं. पण खोट्या माणसावर झालेला अन्याय तिला खराच वाटायचा, त्याला कोण काय करणार?

तर अशा या नीराबाईचं आणि सरंजाम्यांचं सदतिसाव्या भागावरून बिनसलं.

भागाचं नाव होतं 'पुनवेची होडी'. खाडीकाठच्या बंगल्यात एका शेठचा खून होतो. शेठचा दिवाणजी साक्ष देतो, की पुनवेच्या संध्याकाळी सात वाजता खाडी तुडुंब भरली होती, पाणी बंगल्याच्या पायऱ्यांना लागलं होतं, आणि पांडू तांडेलाची होडी त्या पायऱ्यांशी बांधलेली मी माझ्या डोळ्यांनी पाहिली. पांडू रडून सांगतो, की मी तिकडे फिरकलोच नाही. सरंजामे चहा पितात, बराच वेळ येरझाऱ्या घालतात, आणि पांडूच्या खांद्यावर हात ठेवतात. चला, गाडी खाली उभी आहे.

"खोटं!" नीराबाई ताडकन उभी राहिली. "अरे, सोडा त्याला! दिवानजी खोटं बोलतोय!"

लोक हसले. पण हसू फार वेळ टिकलं नाही, कारण योगायोग असा की त्या गुरुवारीही पुनवच होती. नीराबाईनं सदाच्या दंडाला धरून त्याला व्हरांड्याच्या टोकाला नेलं. माडांच्या मागून चंद्र वर आला होता आणि समोर चांदण्यात काळे खडक लांबवर उघडे पडले होते. समुद्र कुठल्या कुठे मागं गेलेला.

"बघ! सातचे आठ झाले, पुनव हाय. पानी कुठं हाय, दाखव मला! ह्या येळी खाडीत गुडघाभर चिखल असतो. होडी पायऱ्यांना लागंल कशी? पांडूनं काय खांद्यावरून आनली?"

तिचं म्हणणं सोळा आणे खरं होतं. मालिका लिहिणारा शहरातला असणार. पुनवेला उधाण येतं एवढं त्यानं कुठंतरी ऐकलेलं, म्हणून चंद्र उगवला की समुद्र भरला असं तो धरून चालला. पुनवेचं उधाण येतं ते दुपारी आणि मध्यरात्री, आणि चंद्र उगवतो तेव्हा पाणी तळाला गेलेलं असतं, हे त्याला कोण सांगणार? बरं, तो चुकला तर चुकला. पण त्याच्या चुकीपायी पांडू आत गेला की नाही?

ठमी घरी जाताना म्हणाली, "जाऊ दे गो. नाटकातला मानूस त्यो."

नीराबाई भराभर पुढं निघाली. ठमीलाही मग आठवलं आणि तिनं जीभ चावली. नीराबाईचा नवरा रंगू मचव्यावर खलाशी होता. बारा वर्षांपूर्वी एका वाडीतून चांदीचा तांब्या गेला, आणि तिथला कारभारी म्हणाला, संध्याकाळी रंगूला कुंपणाशी पाहिलं, माझ्या डोळ्यांनी पाहिलं. त्या वेळी रंगू ओहोटीला खडकावर होता, बायकोच्या शेजारी, गाडगं धरून. नीराबाईनं दहा जणांना सांगितलं. कालवंवालीचं कोण ऐकतो? रंगू तीन महिने आत बसून आला. पुढं तांब्या विहिरीच्या गाळात सापडला. कारभाऱ्यानं तो घासून घेतला आणि विषय संपवला. रंगू मात्र नंतर चार माणसांत कधी बसला नाही, आणि दोन पावसाळ्यांत गेलाच. नीराबाईला त्या कारभाऱ्याचा राग होता, पण त्याहून जास्त राग होता तो याचा, की ओहोटी किती वाजता होती हे तिला एकानंही विचारलं नाही.

म्हणून तिनं पांडूचे गुरुवार मोजायला सुरुवात केली. रेडिओत गुळाचा चहा उकळला की ही पुटपुटायची, "धा गुरुवार झाले, पांडू आत हाय." पुढं वीस झाले, चाळीस झाले. मालिका ऐकायचं तिनं सोडलं नाही, पण सरंजाम्यांना ती आता 'शानपट्टी' म्हणू लागली होती.

असं करत करत शंभरावा भाग आला. त्या दिवशी व्हरांड्यात पाय ठेवायला जागा नव्हती. भाग संपला, दात घासायचं गाणं झालं आणि निवेदकानं जाहीर केलं: "श्रोतेहो, शंभर भागांवर आम्ही दहा प्रश्न विचारणार आहोत. दहा दिवसांत कार्डावर उत्तरं पाठवा. दहाही बरोबर असतील त्यांतून एक भाग्यवान निवडू, आणि त्याला मिळेल एक नवाकोरा रेडिओ!"

केवढा गलका उठला! सगळ्यांनी एकदम नीराबाईकडे पाहिलं. दत्तात्रेय मास्तरांनी खिशातून पेन्सिल काढून शर्टाच्या बाहीवरच प्रश्न टिपायला घेतले.

या आनंदाला एक काळी किनार होती, तीही सांगतो. पारशीणबाईंना आता प्रवास झेपत नव्हता. बंगला त्यांनी विकला होता. पुढच्या महिन्यात, पावसाच्या आधी, सामानाचा ट्रक येणार होता आणि सामानात रेडिओही जाणार होता. नवा मालक कसा असेल देव जाणे. म्हणजे हे बक्षीस मिळालं तरच किहीमला गुरुवार उरणार होता. सदा तर हात जोडून म्हणाला, "नीराबाय, आता गावाची लाज तुझ्या हाती."

पायऱ्या किती, घड्याळ कुणी दिलं, भीती कशाची, गंगाराम पहिल्यांदा कितव्या भागात शिंकला: नऊ प्रश्नांची उत्तरं नीराबाईनं तिथल्या तिथं दिली. श्वास घ्यायलासुद्धा थांबली नाही. मास्तरांची पेन्सिल मागं पडत होती. मग मास्तरांनी बाहीवरचा दहावा प्रश्न वाचला.

"'पुनवेची होडी' या प्रकरणातला खुनी कोण?"

नीराबाईचा चेहरा लाल झाला. "दिवानजी," ती म्हणाली.

"अहो नीराबाई!" मास्तर कळवळले. "खरं काय ते आम्हालाही माहीत आहे. पण त्यांना हवंय ते उत्तर लिहायचं असतं. पांडू तांडेल लिहितो, रेडिओ पदरात पडू दे, मग दिवाणजीला हव्या तेवढ्या शिव्या घाला. मी पण घालीन."

"मास्तर, मी पांडूचं नाव घेऊ? मी?"

"गो बाय, त्यो नाटकातला..." ठमी म्हणू गेली आणि थांबली.

ठरत काहीच नव्हतं. नीराबाई उठून चालती झाली. तीन दिवस ती खडकावरून थेट घरीच गेली. तिलाही रेडिओ हवा होता हो! रंगू गेल्यापासून घरात दुसरा आवाज म्हणून नव्हता. आठवड्याचे सहा दिवस ती गुरुवारच्या वाटेकडे डोळे लावून काढायची. तो रेडिओ घरात, चुलीच्या बाजूच्या फळीवर, बोटानं खटका दाबला की सुरू, असं तिनं मनात कितीदा मांडून पाहिलं असेल. आणि गावही तिच्या तोंडाकडे पाहत होतं. एका खोट्या तांडेलापायी चाळीस खऱ्या माणसांचा गुरुवार घालवायचा का?

चौथ्या दिवशी पुनव होती. नीराबाईनं संध्याकाळी मास्तरांच्या दारात जाऊन हाक मारली, "मास्तर, चला खडकावर."

मास्तर धोतर सावरत निघाले. मागोमाग सदा, ठमी आणि दहा-बारा जण. नीराबाई पुढं झपझप चालत होती. ओल्या वाळूतून, शेवाळावरून, खडकांच्या पार टोकापर्यंत. मास्तर दोनदा घसरले. एक चप्पल चिखलात रुतली ती निघेना.

"किती वाजले?" तिनं विचारलं.

मास्तरांनी घड्याळ पाहिलं. "सातला दोन मिनिटं आहेत."

"चंद्र?"

चंद्र माडांवर आला होता, वाटोळा आणि पिवळा.

"आता सांगा, तुमी पांडू हाव, तिथं वर शेठचा बंगला हाय. हितं होडी आना. आना ना!"

मास्तर एका पायात चप्पल घालून समुद्राच्या तळावर उभे होते. त्यांनी मागं किनाऱ्याकडे पाहिलं, पुढं लांब गेलेल्या पाण्याकडे पाहिलं, आणि कबुलीची मान हलवली. नीराबाई त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली.

"एक मानूस म्हनतो, म्या डोळ्यांनी पाह्यलं. बस! दुसऱ्याला कोनी इचारत न्हाय का पानी कुठं व्हतं. मी आज पांडूचं नाव लिवलं, तं मीबी त्या कारभाऱ्यासारखीच. रेडिओ नको मला. दिवानजी लिवा."

मग सदाच म्हणाला, "लिवा मास्तर. दिवानजीच लिवा." त्याचा आवाज एवढा मोठा आला की ठमी दचकली, आणि मग सगळेच एकदम बोलू लागले, जसा काही खटला तिथंच उभा राहिला होता.

दुसऱ्या दिवशी मास्तर कार्ड लिहायला बसले. नुसतं नाव लिहून नीराबाईचं समाधान होईना. तिनं सांगितलं आणि मास्तरांनी मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलं: पुनव म्हणजे पंधरा. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. सव्वाअकराला भरती, म्हणजे सव्वापाचला पाणी तळाला. सातला खाडीत चिखल. होडी पायऱ्यांशी पाहिली म्हणणारा दिवाणजी खोटा. ज्याला खोटं बोलायची गरज पडली त्यानंच खून केला. कार्डाची कड शिल्लक होती, तिथं तिनं आणखी एक ओळ घालायला लावली: पांडूला सोडवा.

मास्तरांनी वाचून दाखवलं. नीराबाईनं कार्ड पदराखाली घेतलं आणि तडक पोस्टमनला गाठून त्याच्याकडून पुन्हा वाचून घेतलं. मास्तरांवर तिचा विश्वास नव्हता असं नाही. पण एकाच साक्षीदारावर विसंबू नये, हे तिला सरंजाम्यांनीच शिकवलं होतं. ते स्वतः विसरले त्याला तिचा इलाज नव्हता.

निकाल एकशेचाराव्या भागात. शुद्ध एकादशी होती, सव्वाआठची भरती. समुद्र बंगल्याच्या कुंपणापर्यंत आला होता आणि रेडिओचा आवाज लाटांतून वेचून घ्यावा लागत होता. आत खोल्यांत सामान बांधून ठेवलेलं. परवा ट्रक येणार होता. व्हरांड्यात चाळीसच्या जागी शंभर माणसं दाटली होती, चोंढीहून दोन बैलगाड्या आल्या होत्या. उत्तर चुकलंय हे प्रत्येकाला ठाऊक, तरी घरी कुणी थांबलं नव्हतं.

दात घासायचं गाणं या वेळी कधी नव्हे एवढं लांबलं. मग निवेदक बोलला. हजारो कार्डं आली. दहाही उत्तरं बरोबर असणारे एकोणीस जण. चिठ्ठी निघाली ती सोलापूरच्या एका कंपाउंडरची. रेडिओ त्यांना.

व्हरांडा एकदम खाली बसल्यासारखा झाला. सदा तोंड फिरवून उभा राहिला. नीराबाईनं ठमीचा हात घट्ट धरला होता, तो सुटला. "जाऊ दे," ती म्हणाली. "सोलापूरला समुद्र न्हाय, त्यास्नी काय ठाव." पण तिचे ओठ आवळलेले होते आणि खरं सांगायचं तर तिला फार वाईट वाटलं.

तेवढ्यात दार करकरलं. भाग सुरू झाला होता. जिन्यावर चढणारी पावलं वाजली. नीराबाईचे ओठ आपसूक मोजू लागले. सतरा.

"गंगाराम," सरंजामे म्हणाले, "चहा नको."

नीराबाई ताठ झाली. एकशेचार भागांत सरंजाम्यांनी चहा कधी नको म्हटला नव्हता.

"का हो साहेब?"

"गंगाराम, मी चुकलो. पुनवेची ती होडी आठवते? आज मला एक कार्ड आलंय. किनाऱ्यावरच्या एका बाईंनी मला साधा हिशेब विचारलाय. त्या दिवशी सात वाजता खाडीत पाणी किती होतं?"

यानंतर काय झालं ते नीट कुणालाच सांगता येणार नाही, कारण शंभर माणसं एकाच वेळी ओरडली. कुणी टोपी उडवली, कुणी दाराच्या फळ्या बडवल्या, मास्तरांनी सदाला मिठी मारली. "गप्प बसा! अरे, गप्प बसा!" नीराबाई किंचाळत होती. "ऐकू द्या मला!" माणसं गप्प झाली. आता रेडिओत दिवाणजी घाम पुसत होता.

"दिवाणजी, त्या दिवशी तिथी कोणती?"

"पुनव, साहेब."

"पंधराची पाऊणपट किती?"

"सव्वाअकरा!" व्हरांडा गरजला. दिवाणजीला उत्तर द्यायची संधीच मिळाली नाही.

सव्वापाचला पाणी तळाला, सातला चिखल. दिवाणजी आधी हसला, मग चिडला, मग गयावया करू लागला. सरंजाम्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. चला, गाडी खाली उभी आहे. मग साखळदंड खळखळले, लोखंडी दार उघडलं, आणि पांडू तांडेलाचा आवाज आला. सदुसष्ट गुरुवारांनी आला. बसलेला, खोल गेलेला आवाज.

"साहेब, मला सोडवलं कुणी?"

"किहीमच्या नीराबाईंनी," सरंजामे म्हणाले. "आणि पांडू, मला माफ कर. मी तुला पाणी कुठं होतं, हे विचारलंच नाही."

लाटा कुंपणावर आपटत होत्या. नीराबाई मटकन खाली बसली, पदर तोंडाशी धरला आणि हमसून हमसून रडली. ठमी तिच्या पाठीवरून हात फिरवत होती आणि स्वतःही रडत होती. हे रडणं पांडूसाठी नाही, हे तिथल्या जाणत्यांना कळत होतं. तिला कुणीतरी विचारलं होतं. तेरा वर्षांनी का होईना, रेडिओतून का होईना, पण विचारलं होतं.

शनिवारी ट्रक आला. रेडिओ घोंगडीत गुंडाळून सदानं स्वतः उचलून ठेवला. पुढच्या गुरुवारी साडेसातला बंगल्याला कुलूप होतं. सवयीनं माणसं तरीही आली आणि फाटकाशी घुटमळू लागली.

"हितं काय उभे ऱ्हायलाव?" नीराबाई म्हणाली. "ठमीच्या आंगनात चला."

अंगणात ती मधोमध बसली. आधी तिनं दात घासायचं गाणं म्हटलं, ते तर चाळीस जणांनी मागं म्हटलं. मग तोंडानं दार करकरवलं. मग मांडीवर टकटक सतरा पायऱ्या वाजवल्या आणि घोगऱ्या आवाजात म्हणाली, "गंगाराम, चहा टाक. गूळ घालून." पहिला भाग सुरू झाला. मांजर आलं तिथं ती अडखळली, घड्याळ पाच मिनिटं पुढं ठेवलं, आणि घरमालकिणीला तिनं एक नाव देऊन टाकलं, रखमाबाई. त्या बाईला नाव मिळालेलं सगळ्यांनाच बरं वाटलं.

असे गुरुवारामागून गुरुवार गेले. पावसाळ्यात ठमीच्या पडवीत, पाऊस सरल्यावर पुन्हा अंगणात. नवा मालक आला, त्याच्याकडेही रेडिओ होता म्हणे, पण कुणी तिकडे फिरकलं नाही.

सदतिसाव्या गुरुवारी 'पुनवेची होडी' आली. त्या दिवशी सगळे लवकर जमले होते. दिवाणजीनं साक्ष दिली, सरंजामे येरझाऱ्या घालू लागले, आणि नीराबाईच्या सरंजाम्यांनी तिथंच थांबून विचारलं, की दिवाणजी, पाणी कुठं होतं? दिवाणजी अडकला. गाडी त्याच्यासाठीच खाली उभी होती. तिच्या गोष्टीत पांडू तुरुंगात गेलाच नाही. तो संध्याकाळी ओहोटीला खडकावर होता, बायकोच्या शेजारी, गाडगं धरून, आणि काळोख पडायच्या आत दोघं घरी परतली. सांगण्याच्या भरात ती दोन वेळा पांडूऐवजी रंगू म्हणाली. ठमीनं ऐकलं, मास्तरांनी ऐकलं, सगळ्या अंगणानं ऐकलं, पण कुणी तिला दुरुस्त केलं नाही.